हँडलवर दोन नकाशे: कोणती जोडी कोणाला?

मे महिना लागला की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच. मोटरसायकलवर लेहला निघालोय, वाट दाखवायला हँडलवर फोन आहेच, सोबतीला दुसरं काय लावू? जुना फोन, गाडीचा स्क्रीन, की गार्मिन कंपनीचं जीपीएस यंत्र घेऊनच टाकू? मी उलट विचारतो, पहिला बंद पडला तर कशाने पडेल असं वाटतं? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. दुसरं यंत्रही त्याच कारणाने, त्याच तासाला बंद पडणार असेल तर हँडलवर फक्त वजन वाढलं.

तुलनेआधी एक गैरसमज दूर करतो. नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं, असं होत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवरून सिग्नल पाठवतात. फोन तो नुसता ऐकतो, त्याला सिम लागत नाही की डेटा. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. जातो तो नकाशा. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. त्यामुळे लडाखमध्ये शिरल्यावर फोनवर निळा ठिपका अगदी बरोबर जागी दिसतो, पण त्याच्याखाली कोरी पाटी. घरच्या वायफायवर नकाशा उतरवून घेतला असेल तर ही अडचण येतच नाही आणि त्यासाठी दुसरं यंत्रही लागत नाही.

फोन आणि गाडीचा स्क्रीन

ही जोडी सगळ्यात फसवी. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 वर चार इंची गोल स्क्रीन आहे, त्यावर अख्खा गूगल नकाशा दिसतो. त्याच कंपनीच्या 2020 च्या मीटिऑर गाडीपासून आलेल्या ट्रिपर नावाच्या छोट्या स्क्रीनवर नुसते बाण दिसतात. दोन्हीकडे डोकं खिशातल्या फोनचंच. फोन झोपला की स्क्रीनही झोपला. एक डोकं आणि दोन तोंडं, म्हणजे दोन जीपीएस नव्हेत.

तरी ही सोय मला आवडते, पण वेगळ्या कारणासाठी. फोन जॅकेटच्या खिशात राहतो, ऊन-पाऊस आणि हादरे यांतून वाचतो. हादऱ्यांचं भय खोटं नाही. अ‍ॅपलनेच 2021 मध्ये सांगितलं आहे की दणकट इंजिनांच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन लावल्याने कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. तेव्हा गाडीला असा स्क्रीन असेल तर तो पहिलं यंत्र समजा. दुसऱ्याचा प्रश्न अजून तसाच आहे.

दोन फोन

सगळ्यात स्वस्त, कारण जुना फोन घरात पडलेला असतोच. पण दोन्हींवर तेच अ‍ॅप आणि दोन्ही गाडीच्या एकाच चार्जिंग सॉकेटवर, असं केलंत तर ती जोडी नव्हे, जुळी भावंडं. एक फ्यूज उडाला की दोघेही आडवे.

मी असं करतो. नव्या फोनवर गूगल आणि त्याला गाडीच्या सॉकेटची वीज. जुन्यावर ऑर्गॅनिक मॅप्स हे अ‍ॅप, वीज टँक बॅगमधल्या पॉवर बँकेची. ऑर्गॅनिक मॅप्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि त्याचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला, असल्यामुळे चूक केलीच तर गूगलपेक्षा वेगळी करतो. नेमकं हेच हवंय. ओएसएमअँड हे अ‍ॅपही चांगलं, पण त्याच्या सेटिंग्ज समजून घेण्यात एक रविवार जातो.

या जोडीचं मर्मस्थान म्हणजे ऊन. आयफोन भोवतालच्या 35 अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा असं कंपनी सांगते, बाकी फोनही फार वेगळे नाहीत. मेमध्ये दुपारी धुळ्याहून शिरपूरकडे निघालात तर पारा चाळिशीच्या पार असतो. त्यात फोन चार्जिंगला लावलेला, डोक्यावर ऊन. आधी स्क्रीन अंधारतो, मग चार्जिंग थांबतं, मग फोन माफी मागून बंद होतो. दोन्ही हँडलवर असतील तर दोन्ही. म्हणून दुसरा फोन दुपारी बॅगेत, सावलीला ठेवायचा. आणि निघण्याआधी जुन्या फोनची पाठ बोटाने चाचपून बघा. माझ्या एका फोनची बॅटरी इतकी फुगली होती की मागचं झाकण उचललं गेलं होतं, आणि मी तो तसाच पॉवर बँकेला जोडायला निघालो होतो.

फोन आणि मोटरसायकलचा खास नॅव्हिगेटर

म्हणजे गार्मिनचे झूमो एक्सटी आणि एक्सटी2. पहिल्याचा स्क्रीन साडेपाच इंची, दुसऱ्याचा सहा. उन्हात वाचता येतो, पावसात चालतो, हातमोजे घालून दाबता येतो. पावसात फोनच्या काचेवर थेंब पडले की नकाशा आपोआप झूम होतो, मग नको तिथे बोट लागतं. हा वैताग ज्याने सोसलाय त्याला त्या हातमोज्यांच्या सोयीची किंमत कळेल. किंमत मात्र खरीच आहे. एक्सटी2 बाजारात आला तेव्हा अमेरिकेत 600 डॉलरच्या आसपास होता. त्या पैशात आपल्याकडे दोन चांगले टायर येतात आणि वर पेट्रोलही.

भारतात त्याची खरी परीक्षा नकाशाची. नवा बायपास झाला की गूगलला तो लवकर कळतो, खास यंत्राला नकाशा अपडेट केल्यावर. पत्ता शोधण्यातही फोनच सरस, ‘गणपती मंदिरासमोर’ असल्या पत्त्यावर हे यंत्र हात टेकतं. शिवाय आपली एक खास गोची आहे. समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरवर दुचाकीला बंदी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी, अटल सेतूवरही बंदी. गूगलमध्ये डिसेंबर 2017 पासून भारतासाठी दुचाकीची वेगळी सोय आहे, ती निवडली की सहसा त्या रस्त्यांवर नेत नाही. दुसरं यंत्र गाडीला चारचाकी समजून चालत असेल तर ते नागपूरला जाताना खुशाल समृद्धीच्या टोलनाक्यासमोर उभं करेल. ‘महामार्ग टाळा’ म्हणावं तर ते सगळेच महामार्ग टाळतं आणि गल्लीबोळांतून फिरवतं. त्यापेक्षा मधली गावं स्वतः घालायची.

तेच या यंत्राचं बलस्थान. घरी संगणकावर रस्ता आखायचा, वीस-पंचवीस ठिकाणं घालायची, त्याची जीपीएक्स फाइल (आखलेला रस्ता एका यंत्रातून दुसऱ्यात नेणारी) दोन्ही यंत्रांत टाकायची. इथे बहुतेक जण फसतात. जीपीएक्समध्ये ‘रूट’ पाठवला तर जातात फक्त ठिकाणं, मधला रस्ता प्रत्येक यंत्र आपल्या नकाशावरून नव्याने ठरवतं. मग एकच फाइल असून दोन यंत्रं दोन दिशा दाखवतात आणि आपण यंत्रांना शिव्या घालतो. ‘ट्रॅक’ पाठवला तर रेघ जशीच्या तशी राहते. नवा नकाशा असो की जुना, रेघ तीच. दोन यंत्रं वापरणाऱ्याने ट्रॅकच पाठवावा.

फोन आणि हातातला जीपीएस

ट्रेकवाल्यांकडे असतो तो गार्मिन ईट्रेक्स. 22एक्सचा स्क्रीन जेमतेम 2.2 इंची, पण ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट दिसतो. दोन पेन्सिल सेलवर 25 तास चालतो आणि पेन्सिल सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतात. वळणावळणाला ‘डावीकडे वळा’ असल्या अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. आपण कुठे आहोत आणि कुठून आलो, हे तो सांगतो. फोनशी त्याचं काहीच सामाईक नाही, ना वीज ना नकाशा, ना उन्हाचं भय. वेगळेपणाच्या कसोटीवर हीच जोडी पहिली. झंस्कार, चांगथांग किंवा स्पितीच्या आडवाटा करणाऱ्याने ही घ्यावी. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, लिथियमचे न्यावेत.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं मात्र परवान्याशिवाय जवळही बाळगू नका. गार्मिनचं इनरीच त्यातलंच. डिसेंबर 2024 मध्ये दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन पर्यटक महिलेवर त्यावरूनच कारवाई झाली. साधा जीपीएस नुसता ऐकतो, हे यंत्र बोलतं. फरक तेवढाच, पण कायद्याच्या लेखी मोठा.

आता लेहचं. मनाली सोडलं, अटल बोगदा ओलांडला (त्या नऊ किलोमीटरमध्ये उपग्रह कोणालाच दिसत नाहीत), तांडीला पोचलात की पुढे नेहमीचा रस्ता मुळात एकच. तांडीच्या पंपावरच्या पाटीने वर्षानुवर्षं बजावलंय, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. त्या टप्प्यात नकाशापेक्षा पेट्रोलचं कॅन महत्त्वाचं. दोन नकाशांची गरज मला जास्त भासते ती दिल्लीच्या वेशीवर, जिथे एका उड्डाणपुलाची चूक अर्धा तास खाते. आणि कोकणात. सागरी मार्गाने जाताना एक नकाशा दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीकडे नेतो, दुसरा खाडीला वळसा घालून चिपळूणकडे. दोन्ही बरोबर असतात. संध्याकाळी शेवटची फेरी सुटली का, हे मात्र धक्क्याजवळच्या चहावाल्याला विचारायचं.

खूप लांब आणि सलग चालवणारे, म्हणजे 24 तासांत 1,609 किलोमीटरची सॅडलसोर राइड करणारे, दोन यंत्रं वेगळ्याच कारणासाठी लावतात. एकावर पुढचं वळण जवळून, दुसऱ्यावर अख्खा उरलेला रस्ता दुरून. झूम आत-बाहेर करावं लागत नाही. ताशी 80 ला दोन सेकंद मान खाली गेली की गाडी 44 मीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे ही चैन नव्हे. आवाज मात्र एकाच यंत्राचा चालू ठेवा. कायद्याने नकाशावर रस्ता बघण्यापुरता फोन चालतो, 1 ऑक्टोबर 2020 पासून नियमात तसं आहे, पण लक्ष विचलित होता कामा नये ही अट आहे.

वर्षाला एखादी मोठी राइड आणि बाकी गोवा-महाबळेश्वर करणाऱ्याने दोन फोनांवर थांबावं, वेगळी अ‍ॅप आणि वेगळी वीज एवढं पाळून. वर्षातले महिना-दीड महिना गाडीवरच काढणाऱ्याने झूमो घ्यावा, तोही भारताचा नकाशा आणि त्याचे अपडेट मिळतील याची खात्री करून मगच. यंदा फोन करणाऱ्या मित्राने सगळं ऐकून घेतलं, गार्मिनचा विचार सोडला आणि वाचलेल्या पैशांत मागचा टायर बदलला. त्याचा जुना फोन आता माझ्याकडे आलाय, नकाशे उतरवायला.