टेस्टचं बटण नसलेला ‘आरसीसीबी’

घरात अलीकडे लाइटचं काम करून घेतलं असेल, तर आधी डीबीचं, म्हणजे घरातल्या सगळ्या मेन खटक्यांच्या पेटीचं, झाकण उघडा आणि आरसीसीबी (करंट गळू लागला की आपोआप पडून लाइट तोडणारा खटका) म्हणून जे बसवलंय त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण आहे का ते बघा. बटण नसेल तर तो आरसीसीबी नाही, बहुधा आयसोलेटर आहे. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे, रुंदीही तेवढीच, किमतीत मात्र मोठा फरक. आयसोलेटर म्हणजे हाताने बंद-चालू करायचा खटका. माणसाला शॉक बसत असताना तो आपणहून पडत नाही. माझ्या बाबांना शॉक बसला तेव्हा तो पडला नाही.

सांगलीतल्या आमच्या घराला लागून शटरची गाडीची खोली आहे, बारा बाय अठरा फुटांची. बाबा निवृत्त झाल्यापासून जुन्या स्कूटर दुरुस्त करायचा त्यांचा उद्योग तिथेच चालतो. बेंच ग्राइंडर, व्हाइस, हवा भरायचा लहान कॉम्प्रेसर, सगळं तिथेच. उजेडाला छताच्या मधोमध दोन जुन्या ट्यूब होत्या, तांब्याच्या चोकवाल्या. छत्तीस वॅटची ट्यूब आणि चोक मिळून पन्नासच्या आसपास वॅट खातात, ते एक वेळ चाललं असतं. खरी काळजी वेगळी होती. अशा ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण त्या उजेडात ग्राइंडरचं फिरतं चाक कधी कधी थांबल्यासारखं किंवा सावकाश फिरत असल्यासारखं दिसतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हात त्या चाकापाशी असतो. म्हणून उजेड बदलायचं ठरवलं.

ओळखीतून एक वायरमन आला. बोलायला गोड, बाबांना ‘काका’, मला ‘ताई’. व्हॉट्सॲपवर त्याने कामाची यादी पाठवली: छत्तीस वॅटच्या एलईडीच्या चार पट्ट्या, डीबीपासून दीड एमएमची नवी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर वाढला की पडणारा खटका), अर्थिंग, आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी. मटेरियलसकट साडेचौदा हजार. मी पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “ताई, बिल घेतलं की अठरा टक्के वाढले. काकांच्या खिशातून ते कशाला घालवायचे?” मग बाबांसमोर नावाजलेल्या कंपनीचं सीलबंद खोकं फोडलं, वायरचं टोक सोलून लाल तांबं दाखवलं. “बघा काका, एक नंबर माल.” ते वेटोळं खरं होतं. पाइपात जी वायर ओढली ती त्याच्या पिशवीतल्या दुसऱ्या वेटोळ्याची होती. खऱ्यातली हात-दोन हात कापली आणि बाकीची ‘उरली’ म्हणून परत नेली. जुन्या पट्ट्या आणि दोन्ही चोकही “ही घाण मी टाकून देतो” म्हणत गाडीला बांधले. चोकमधलं तांबं भंगारवाला वजनावर घेतो, हे त्याला चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी खोली लख्ख उजळली, बाबा खूश झाले, पैसे यूपीआयने गेले.

पावसाळ्यात बाबा पट्टीवरची जळमटं काढायला स्टुलावर चढले आणि पट्टीला हात लागताच हातभर झिणझिण्या आल्या. स्टूल लाकडी होतं, पायात रबरी चप्पल होती. त्या दिवसांत आमची फरशी ओली असते. दुसऱ्या हाताने त्यांनी शटर धरलं असतं किंवा लोखंडी शिडी घेतली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

मग दुसरे एक जुने, परवानाधारक वायरमन बोलावले. त्यांनी आधी मेन बंद केला, मग पट्टी उघडली. झाकण बसवताना फेजच्या वायरवरचं पीव्हीसी स्क्रूखाली चिरडलं होतं, त्यामुळे अख्खी पत्र्याची पट्टी जिवंत झाली होती. हिरवी वायर पट्टीला नीट स्क्रूने बसवलेली. तिचं दुसरं टोक डीबीत अर्थच्या बारला जोडलेलंच नव्हतं, कापून मागे खुपसलेलं. ती जोडलेली असती आणि आरसीसीबी खरा असता, तर पट्टीत करंट उतरल्या क्षणी लाइट गेली असती आणि दोष त्याच दिवशी कळला असता. खऱ्या आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबावं आणि तो पडतो का ते पाहावं. आता आमच्या घरी ते काम मी करते.

त्यानंतर त्यांनी पाइपातली वायर ओढून ब्लेडने तार खरवडली. वरून लाल, आत चांदीसारखी पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर. लायटर धरला तर बारीक तार वितळून तिचा गोळा झाला. शेजारी धरलेली खऱ्या तांब्याची तार काळी पडली, पण शाबूत राहिली. नुसतं टोक बघून ही फसवणूक ओळखता येत नाही, कारण बाहेरून दिसतं ते तांबंच असतं. आख्खं वेटोळं मात्र हातात घेतलं की वजन बोलतं. दीड एमएमच्या नव्वद मीटर वायरीत नुसतं तांबं साधारण बाराशे ग्रॅम भरायला हवं. या मुलाम्याच्या तारेत धातू अर्ध्या किलोच्या आत असतो.

चार ट्यूबना एक ॲम्पियरसुद्धा लागत नाही, तेवढ्यापुरती ही वायर कदाचित वर्षानुवर्षं चाललीही असती. पण त्याने त्याच वायरीवरून ग्राइंडर आणि कॉम्प्रेसरचं सॉकेट दिलं होतं. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, जोड सैल होतो, त्यावर गंज धरतो, आणि मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट चढला की तोच जोड तापतो. हे ज्या खोलीत पेट्रोलच्या टाक्या उघड्या पडलेल्या असतात तिथे. इथे मला त्याचा खरा राग येतो. त्याने बाबांना त्या खोलीत काम करताना पाहिलं होतं, त्यांच्या हातचा चहा प्यायला होता.

ट्यूबची लबाडी मी स्वतः पकडली. घरातलं सगळं बंद करून फक्त त्या चार ट्यूब लावल्या आणि मीटरवरच्या लाल दिव्याची उघडझाप मोजली. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स, म्हणजे तेवढ्या उघडझापा, छापलेत, तुमच्यावरचा आकडा वाचून घ्या. छत्तीस वॅटच्या चार ट्यूब म्हणजे १४४ वॅट, मिनिटाला जवळपास आठ उघडझापा व्हायला हव्यात. होत होत्या चारपेक्षाही कमी, म्हणजे एक ट्यूब अठरा वॅटची. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेड किती पडतो त्याचा, आकडाच नव्हता, आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापला होता तो बीआयएस केअर ॲपवर सापडला नाही. वायरवरच्या आयएसआय चिन्हाचा परवाना क्रमांकही याच ॲपवर तपासता येतो. मोबाइलचा कॅमेरा त्या ट्यूबकडे धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. म्हणजे उजेड थरथरतोच आहे, ग्राइंडरचा धोका जिथल्या तिथे.

दुसऱ्या वायरमननी सगळं उपसून नव्याने केलं. बिल आमच्या नावावर, दुकानातून माल आम्ही आणला. ट्यूब छताला गाडीच्या बरोबर वर न लावता दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने लावल्या, त्यामुळे बॉनेट उघडलं तरी सावली पडत नाही. एक टेबलाच्या पुढच्या कडेवर, म्हणजे बाबांची स्वतःची सावली कामावर येत नाही. सॉकेटला अडीच एमएमची वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी. त्यांनी न विचारता आपला तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना दाखवला. शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून तो मिळतो. कुणालाही डीबीला हात लावू देण्याआधी तो मागा, मागण्यात अपमान कसला?

पहिल्याला फोन केला तर आधी म्हणाला, “ताई, एलईडीला तेवढं येतंच.” आयसोलेटरचं विचारल्यावर “दुकानदाराने मला तसंच दिलं.” नंतर फोन उचलायचा बंद झाला. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पक्कं बिल नसलं तरी त्याची व्हॉट्सॲपवरची यादी आहे आणि यूपीआयची नोंद आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, तिथला अर्ज आता भरतो आहोत. काढलेला आयसोलेटर, वायरचे तुकडे आणि ट्यूबची खोकी आम्ही टाकलेली नाहीत.