आपत्ती की साथ? नर्सिंगमधल्या दोन वाटा

कॅज्युअल्टीत किंवा आयसीयूत दोन-तीन वर्षं काढली, की बऱ्याच नर्सना आणीबाणीच्या कामात उतरावंसं वाटतं. तिथे वाटा दोन आहेत: भूकंप-पुरासारख्या आपत्तीत काम करणारं पथक आणि साथरोग नियंत्रण. लांबून दोन्ही सारख्याच वाटतात, पण दोन्हींना लागणारा स्वभाव वेगळा.

आपत्तीत निर्णय झटपट घ्यावे लागतात. 'स्टार्ट' ट्रायाजमध्ये, म्हणजे जखमींची तातडीनुसार झटपट वर्गवारी करायच्या पद्धतीत, चालता येणाऱ्याला हिरवी पट्टी. श्वास मिनिटाला 30 च्या वर गेला, की लाल, म्हणजे उपचार आधी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल, तर काळी पट्टी लावायची आणि पुढच्या जखमीकडे वळायचं. वॉर्डात याच माणसासाठी आपण सगळे धावलो असतो. पद्धत सरावानं हातात बसते, पचनी पडायला मात्र वेळ लागतो. शिवाय असे प्रसंग क्वचितच येतात. एरवी मॉक ड्रिल, औषधसाठ्याच्या याद्या आणि खाटा वाढवायचे आराखडे. रोजच धावपळ हवी असेल, तर कॅज्युअल्टी सोडू नये.

साथीचं काम चिवट. इबोलाच्या रुग्णाच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाचा 21 दिवस रोज ताप बघायचा. कुणी खोटा पत्ता देतो, कुणी दारच उघडत नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याच दारात गोड बोलत उभं राहायचं! उपचार केंद्रात पीपीई किट घालण्यापेक्षा काढताना धोका जास्त, कारण तेव्हा घामानं जीव नकोसा झालेला असतो आणि हात घाई करतात. म्हणून एक सहकारी समोर उभा राहून प्रत्येक पायरी मोठ्यानं सांगतो. पश्चिम आफ्रिकेतल्या 2014 ते 2016 च्या साथीत शेकडो आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली होती.

प्रत्यक्षात या वाटा एकमेकींना छेदतात. हैतीत जानेवारी 2010 मध्ये भूकंप झाला आणि ऑक्टोबरात कॉलरा पसरला.

माझा कौल आधी साथीच्या वाटेला, म्हणजे संसर्ग नियंत्रणाला. ते काम रुग्णालयात बाराही महिने असतं, आणि ते सांभाळून आपत्ती पथकाच्या राखीव यादीत नाव देता येतं. उलट क्रमानं जायचं, तर पोटापाण्याची सोय वेगळी बघावी लागते. नाव देण्याआधी मात्र दोन गोष्टी लेखी घ्या: विलगीकरणातल्या दिवसांचा पगार मिळणार का आणि परतल्यावर जुनी जागा राहणार का.