सरकारी ट्रॉमा उपचार, आठ महिन्यांनंतर: उपचार चांगले, पण फाईल पोचत नाही

परवा आमच्या समुपदेशक दुसऱ्यांदा बदलल्या, म्हणून लिहायला बसले.

भाचा नऊ वर्षांचा. अपघातातून तो वाचला, माझी बहीण गेली. तेव्हापासून तो माझ्याकडेच आहे आणि सरकारी योजनेतून त्याच्या मनावरच्या आघाताचे, म्हणजे ट्रॉमाचे, उपचार मोफत चालू आहेत. अर्ज, कागदपत्रं वगैरे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात शिरत नाही.

मला बोलायचंय ते एकाच प्रश्नाबद्दल. "काय झालं होतं, सांग बघू." नोंदणीच्या खिडकीवर, तपासणीत, डॉक्टरांपुढे, मंजुरीच्या मुलाखतीत. तीन आठवड्यांत चार जणांनी विचारलं, चारही वेळा पोराच्या तोंडावर. चौथ्या वेळी त्यानं शर्टाची कॉलर दातात धरली, ती घरी येईपर्यंत सोडली नाही. महिनाभर थांबलेलं अंथरूण ओलं करणं त्या रात्री पुन्हा सुरू झालं. तेव्हा लिहिलं असतं, तर 'जाऊ नका' एवढंच लिहिलं असतं.

आज तसं लिहिणार नाही. कारण प्रत्यक्ष उपचार सुरू झाले आणि माझं मत बदललं. पद्धत ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे आघातानंतरचे विचार, भावना आणि वागणं बोलून हळूहळू सावरण्याचे उपचार. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्ये मुलांच्या पीटीएसडीसाठी (आघातानंतर रेंगाळणाऱ्या मानसिक त्रासासाठी) सुचवलेल्या पद्धतींपैकी ही एक. साधारण 12 ते 16 बैठका लागतात. आधी श्वास, मग भावनांना नावं, आणि बऱ्याच उशिरा, मुलाच्या कलानं, घडलेलं सांगणं. सांभाळणाऱ्यांचीही वेगळी बैठक असते. दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा जाते म्हणून मी कुरकुरायची. तिथेच कळलं, की तो आईचं नाव काढायचा तेव्हा मीच विषय बदलत होते.

त्याला एक वही दिली होती. पहिल्या पानावर 'पाऊस होता' एवढंच. तीन आठवडे पुढे अक्षर नाही. मग एके दिवशी आईची निळी छत्री आली, मग गाडी, मग आवाज. अंथरूण कोरडं राहू लागलं.

आणि नेमकं तेव्हाच बाईंचं कंत्राट संपलं. नव्या बाईंकडे फाईल पोचलेलीच नव्हती. पुन्हा तोच प्रश्न. पोरानं दप्तरातून वही काढून टेबलावर ठेवली. "लिहिलंय. वाचा." माझ्या पोटात गोळा आला. पण त्यांनी वही उघडली आणि त्याच्यासमोर, एक शब्दही न बोलता, शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग विचारलं, "छत्री आहे का अजून तुझ्याकडे?" तो तासभर बोलत होता. एवढं बोलताना मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता त्याही गेल्या.

बारा मंजूर बैठकांपैकी तीन निव्वळ नव्यानं ओळख करून घेण्यात गेल्या. डॉक्टर, खोली, औषधं, सगळ्याला सरकार पैसा देतं, आणि एक फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही, याचा मला मनस्वी राग येतो. माणसं बदलणारच असतील, तर जुन्या आणि नव्या समुपदेशकाची एक बैठक मुलासोबत एकत्र घ्या. एवढंच मागणं आहे.

तोवर मी एक कागद सोबत ठेवते. वर मोठ्या अक्षरात: 'मुलासमोर विचारू नका, हे वाचा.' खाली सहा ओळी. प्रत्येक खिडकीवर आधी तो देते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ठेवा, बैठका वाचतील.

सोमवारी तिसऱ्या बाईंची वेळ आहे. त्यानं वहीला नवं कव्हर घालून मागितलंय.