उभा माऊस (व्हर्टिकल माऊस): सहा महिने वापरून झाले, खरं काय ते सांगतो

मी डीटीपी करतो, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावतो, पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यापासून. दिवाळी अंकांचा सीझन म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर बूड खुर्चीला आणि हात माऊसला, त्यात लेखक लोक शेवटच्या प्रूफला अख्खा परिच्छेद बदलणार. मागच्या सीझनला उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायला लागली, झोपेतून उठून हात झटकला की मुंग्या जायच्या. मला वाटलं शुगर. डॉक्टरांनी दोन्ही पंजे खाली वाकवून पालथ्या बाजूने एकमेकांना टेकवायला लावले, मिनिट व्हायच्या आत मुंग्या हजर. करंगळी बरी आहे का विचारलं, म्हणलं हो, तर म्हणे कार्पल टनेल. मनगटात मिडियन नावाची नस दबते, करंगळीची नस वेगळी म्हणून ती सुटते.

घरी येताना पुण्याच्या तपकीर गल्लीतनं हा माऊस उचलला, 1100 रुपये. शेकहँड करतो तसा हात राहतो, कोपरापासून पुढचा हात पिळला जात नाही. पहिला आठवडा वैताग. क्लिक दाबलं की माऊसच बाजूला सरकतो, आणि सवयीने वरून हात टाकायला जातो तो माऊस आडवाच पडतो. टेक्स्ट सिलेक्ट करणं, पानं लावणं आता सुरळीत. पण कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिकेच्या गणपतीचे नोड, म्हणजे रेषेवरचे बारीक ठिपके, ओढायचे तर अजूनही जमत नाही, त्याला जुना माऊस शेजारी ठेवलाय आणि गिऱ्हाईक विचारतं दोन दोन कशाला.

फायदा झाला का? कोपराखालचा ठणका गेला, ते शंभर टक्के या माऊसचं. बधिरपणा मात्र तसाच होता. फिजिओ म्हणाल्या, याने हाताचा पीळ कमी होतो पण नसेवरचा दाब कमी होतोच असं नाही, 2015 च्या एका अभ्यासात पेशंटवर बघितलंय तसं. (दुकानदार "नसेचा त्रास गायब" म्हणून विकत होता.) रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपायला सांगितलं, मेडिकलमध्ये 350 ला मिळाला, दीड महिन्यात झोप लागायला लागली. म्हणजे 1100 वाल्याचं क्रेडिट 350 वाल्याने घेतलं.

अजून एक, माऊस लांब असेल तर उभा काय आणि आडवा काय, खांदा भरणारच. नंबर पॅड नसलेला छोटा कीबोर्ड घ्या म्हणतात म्हणजे माऊस जवळ येतो, पण आमची अर्धी जोडाक्षरं ऑल्ट दाबून नंबर मारून येतात, नंबर पॅड काढला तर धंदा बंद! मग कीबोर्डच डावीकडे सरकवला, फुकटात काम झालं.

तक्रारी: तिसऱ्या महिन्यात स्क्रोलचं चाक कुरकुरायला लागलं, दुकानदार म्हणे चाकाला वॉरंटी नसते. आकार मोठाय, बायकोच्या हाताला बटणं पोचत नाहीत, लहान हात असेल तर दुकानात धरून बघा, ऑनलाईन मागवू नका. डावखुऱ्यांना तर हा चालणारच नाही, त्यांचा वेगळा येतो आणि गल्लीत तीन दुकानं फिरलो एकाकडेही नव्हता.

पाचात साडेतीन स्टार. अर्धा चाकाचा कापलाय.