होडीचे आऊटबोर्ड इंजिन: उघडून बांधावे की नवे घ्यावे?

मे महिना सरत आला की कोकण किनाऱ्यावरच्या लहान होड्या वाळूवर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात आणि त्यांची आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लावलेली, इंजिने उतरवून घरच्या पडवीत आणून ठेवली जातात. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत, ज्याचे इंजिन गेल्या हंगामात रडतखडत चालले त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: हे पूर्ण उघडून बांधावे की विकून नवे घ्यावे? हा आढावा साधारण 8 ते 40 हॉर्सपॉवरच्या इंजिनांपुरता आहे. दोन्ही पर्यायांचा खर्च बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. त्याआधी इंजिनाला खाऱ्या पाण्याने किती खाल्ले आहे आणि ते वर्षाला किती तास चालते, या दोन गोष्टी ठरवाव्यात, कारण निम्म्याहून अधिक निर्णय तिथेच होऊन जातो.

मेकॅनिक जो खर्चाचा अंदाज देतो तो पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सील आणि गॅसकेटचा असतो. खारे पाणी ज्या भागांना खाते ते भाग त्या यादीत क्वचितच येतात, कारण ते बदलायचे भागच नव्हेत. ते इंजिनाचे अंग आहे. आऊटबोर्ड इंजिन समुद्राचेच पाणी ओढून थंड राहते आणि ते पाणी ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधल्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडातल्या, अरुंद वाटांतून फिरते. दर फेरीनंतर दहा मिनिटे गोड्या पाण्याने इंजिन धुतले नाही, तर त्या वाटांत मिठाचे थर साचतात, उष्णता बाहेर पडत नाही आणि धातू आतून पोखरत जातो. एक्झॉस्टची बाजू सर्वांत आधी जाते. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये स्टीलचा बोल्ट वर्षानुवर्षे खाऱ्या ओलाव्यात राहिला की दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात की पाना लावताच बोल्ट सुटण्याऐवजी तुटतो. मग त्याला भोक पाडून नवे आटे करण्यात जो वेळ आणि मजुरी जाते, ती अंदाजपत्रकात कधीच नसते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. माझे 15 हॉर्सपॉवरचे दोन स्ट्रोकचे इंजिन मी एका पावसाळ्यात पूर्ण बांधून घेतले. बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून, पुढच्या मापाचा पिस्टन बसवला, क्रँकची बेअरिंगे आणि सील बदलले, आणि पहिला हंगाम ते घड्याळासारखे चालले. दुसऱ्या हंगामात एक्झॉस्ट आणि पाण्याची वाट यांमधला पडदा पोखरून आरपार गेला व पाणी सिलिंडरात उतरले. नवा पिस्टन जागच्या जागी उत्तम स्थितीत होता. ज्या म्हाताऱ्या मेकॅनिकला ते दाखवले तो एवढेच म्हणाला, ‘‘हेका आता पिस्टन नको, देव्हारो होयो.’’

म्हणून बांधण्याचा निर्णय घेण्यापूर्वी सिलिंडर हेड आणि एक्झॉस्टचे झाकण तेवढे आधी उघडून घ्यावे, आणि आतले पाहूनच पुढचा अंदाज मागावा. बाहेरूनही काही कळते. रंगाखाली पांढरी भुकटी फुगून आलेली असणे, इंजिन वळण्याची नळी जाम होणे आणि संरक्षणासाठी लावलेला झिंकचा तुकडा संपून गेल्यावरही तो वर्षानुवर्षे न बदललेला असणे, या तीन खुणा एकत्र दिसल्या तर मी त्या इंजिनावर मोठा खर्च करणार नाही. झिंक स्वतः झिजून ॲल्युमिनियमला वाचवते. तो अर्ध्याहून अधिक झिजला की बदलायचा असतो.

याउलट, पुष्कळदा इंजिन बांधायची गरजच नसते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तपासणे हे दहा मिनिटांचे काम आहे: इंजिन गरम करून सगळे प्लग काढावेत, त्यांच्या वायरी अर्थ कराव्यात, थ्रॉटल पूर्ण उघडावा, प्लगच्या जागी दाबाचे मीटर लावून इंजिन फिरवावे आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. दोन सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल आणि दोन्ही आकडे कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील, तर दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये, पेट्रोलच्या पंपात किंवा कॉइलमध्ये असतो. गिअरचे ऑइल दुधासारखे झाले असेल तर सील गेले आहे. वेळेवर लक्षात आले तर ती किरकोळ दुरुस्ती आहे. पण ऑइलबरोबर धातूचे कणही येत असतील तर गिअर उघडून पाहावेच लागतात. पाण्याची धार बारीक झाली असेल तर आधी इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातले रबरी चाक, पाहावा. देवबागच्या संगमासारख्या वाळूच्या उथळ पाण्यात तो एका हंगामात झिजतो. कार्बोरेटर साफ करण्याएवढ्या दोषासाठी चांगली इंजिने मातीमोल भावाने गेलेली मी पाहिली आहेत.

आता तासांचा हिशेब. जुने दोन स्ट्रोकचे इंजिन बांधणे आणि नवे चार स्ट्रोकचे घेणे यांची तुलना करताना खरा फरक पेट्रोलमध्ये पडतो. समजा, 15 हॉर्सपॉवरचे दोन स्ट्रोकचे इंजिन कामाच्या वेगाला तासाला 5 लिटर आणि चार स्ट्रोकचे साडेतीन लिटर पेट्रोल घेते. पर्यटकांच्या फेऱ्या मारणारा किंवा रोज जाळी टाकायला जाणारा माणूस दिवसाला 4 तास याप्रमाणे 200 दिवस चालवतो, म्हणजे 800 तास. त्याचे वर्षाला 1,200 लिटर पेट्रोल वाचते; 105 रुपये दराने ते 1 लाख 26 हजार रुपये होतात. शिवाय दोन स्ट्रोकच्या इंजिनाला 50 लिटर पेट्रोलला 1 लिटर याप्रमाणे 4,000 लिटरमागे 80 लिटर ऑइल मिसळावे लागते, तर चार स्ट्रोकचे ऑइल साधारण दर शंभर तासांनी बदलले की पुरते. अशा माणसाने जुने इंजिन बांधून वाचवलेले पैसे तो दोन-तीन हंगामांत पेट्रोल पंपावर नेऊन देतो. हाच हिशेब सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला जाणाऱ्या, वर्षाला 60 तास चालवणाऱ्या माणसाला लावला तर बचत 90 लिटरची, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास येते. त्याने नव्या इंजिनाच्या पेट्रोल-बचतीच्या गोष्टी ऐकू नयेत. ब्लॉक शाबूत असेल तर बांधून घ्यावे.

नवे इंजिन घेताना किमतीच्या पाटीवर नसलेला खर्च होडीतच असतो. 15 हॉर्सपॉवरचे दोन स्ट्रोकचे इंजिन सुमारे 36 ते 38 किलोचे असते, तर त्याच ताकदीचे चार स्ट्रोकचे साधारण 45 ते 52 किलोचे. हे दहा-पंधरा किलो होडीच्या अगदी मागच्या टोकाला येतात. जुन्या फायबरच्या होडीत मागची फळी आतून प्लायवूडची असते आणि बोल्टांच्या भोकांतून शिरलेल्या पाण्याने ती कुजलेली असू शकते. हातोडीने ठोकत जावे, जिथे आवाज बसका येतो तिथे लाकूड गेलेले आहे. शाफ्टची लांबी 15 इंच की 20 इंच हेही जुन्या इंजिनावरून न ठरवता फळीची उंची मोजूनच ठरवावे. स्टिअरिंगची केबल, कंट्रोलचा दांडा, टाकीची नळी आणि पंखा यांपैकी काही नव्याला बसत नाही, आणि विक्रेता हे पैसे देऊन झाल्यावर सांगतो.

दुरुस्तीच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगता येते: दोन स्ट्रोकचे कार्बोरेटरचे इंजिन साधे असते. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ऑइलचा वेगळा पंप किंवा तळातली ऑइलची टाकी नाही, आणि गावातला चांगला मेकॅनिक ते पडवीत बसून उघडू शकतो. इंजेक्शनच्या चार स्ट्रोकच्या इंजिनाचा दोष शोधायला मात्र संगणक लागतो. होडी उलटून इंजिन बुडाले असेल तर हा फरक फारच जाणवतो. बुडालेले साधे इंजिन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, सिलिंडरात ऑइल घालून, फिरवून चालू केले तर वाचते. दोन दिवस तसेच पडून राहिले तर बेअरिंगांवर गंज चढतो, आणि तेव्हा मी नव्याचाच विचार करीन.

बांधायचे ठरले तर पिस्टन का जळला याचे उत्तर आधी मिळवावे, नाहीतर नवाही तसाच जळेल. अनेकदा कारण इंधनात असते. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात टाकीत दोन महिने राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचा थर तळाला बसतो. जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात. म्हणून बांधणीच्या खर्चात सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅसकेटे धरावीत. पहिले दहा तास दुप्पट ऑइलवर, म्हणजे 25 लिटरला 1 लिटर या मिश्रणावर, पूर्ण वेग न देता चालवावे.

वेळेचा विचार दोन्हींत वेगळा आहे. जूनमध्ये उघडलेले इंजिन सुट्या भागांसाठी तीन आठवडे थांबले तरी नारळी पौर्णिमेआधी ते तयार होते. तेच ऑक्टोबरात, ऐन हंगामात घडले तर बुडालेले दिवस दुरुस्तीच्या खर्चात मिळवावे लागतात, आणि तेव्हा पुष्कळदा नव्याचे पारडे जड होते. सेकंडहँड इंजिन हा तिसरा मार्ग आहे, पण ते मिठाने खाल्लेले आहे की नाही हे विकणारा सांगत नाही. हेड उघडू देत नसेल तर सौदा सोडावा.

नवे घेतल्यास होडीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांक बदलून घ्यावा, कारण बिल, नोंदणी आणि विमा यांतले क्रमांक जुळले नाहीत तर विम्याचा दावा अडकतो. आणि जुने इंजिन लगेच भंगारात देऊ नये. त्याचा ब्लॉक गेला असला तरी गिअरचा खालचा भाग, कार्बोरेटर, कॉइल आणि पंखा चांगले असतील, तर त्याच मॉडेलचे इंजिन चालवणारा कोणी ना कोणी शेजारच्या बंदरात असतोच, आणि तो त्यांना भंगारवाल्यापेक्षा चांगले पैसे देतो.