नाटकाच्या नकला काढायच्या आहेत: पार्सर आयता घ्यावा की हाताने लिहावा?

जत्रेच्या नाटकाला तालमीचे दिवस मोजकेच मिळतात, आणि त्यातले पहिले दोन-तीन नकला, म्हणजे प्रत्येकाच्या वाक्यांच्या वेगळ्या प्रती, उतरवण्यातच जातात. संहितेची वही एक, पात्रं अकरा. प्रत्येकाला आपली वाक्यं हवीत आणि त्याआधीच्या वाक्याची शेपटीही हवी, म्हणजे तोंड कुठं उघडायचं ते कळतं. पेटीवाल्याला पदांची यादी हवी, दिवेवाल्याला दिव्यांच्या खुणा. सगळ्यांना झेरॉक्स वाटली की झालं, असं ज्याला वाटतं त्याने साठ पानांत आपली सात वाक्यं शोधून बघावीत.

फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाचीने यंदा हे काम अंगावर घेतलंय. संहिता साध्या टेक्स्ट फाईलमध्ये टाईप करायची, चार-पाच खुणा ठरवायच्या आणि प्रत्येकाची नक्कल प्रोग्रामने वेगळी काढायची. खुणा तिने छानच ठरवल्या, अडली ती पार्सरपाशी, म्हणजे खुणा ओळखून मजकुराचे तुकडे लावून देणाऱ्या भागापाशी. "मामा, पार्सर कुठला घेऊ? एक जण म्हणतो अँटलर, दुसरा म्हणतो रेगेक्सने भागतं." अँटलर हे पार्सर बनवून देणारं साधन, रेगेक्स म्हणजे मजकुरात नमुने शोधायची पद्धत. हे सगळं करून मी एकदा हात पोळून घेतलेत, त्यामुळे उत्तर फोनवर दोन मिनिटांत आटपलं नाही.

तिच्या फाईलचा नमुना असा:

# अंक पहिला
## प्रवेश दुसरा
@काकी: (दार लावत) बरं. (थांबून) *आजच* जाणार तू?
@वसंत: आजच. (खिडकीकडे (जिथं कंदील आहे) जातो)
दु:ख एवढंच, की पेटी इथंच राहील.
! दिवे मंद
~ पद, वसंत

खूण कशाची ते बघताच कळतं. पण या सात ओळींत पार्सरला घाम फोडणाऱ्या तीन जागा आहेत: एकाच ओळीत दोन कंस, कंसाच्या आत कंस, आणि तो 'दु:ख'मधला कोलन. खालची सगळी हत्यारं मी याच तीन जागांवर घासून बघितली.

आधी एक सोपी पळवाट. नवी भाषा बनवायचीच कशाला? पटकथांसाठी फाउंटन नावाचं साधं मार्कअप (मजकुरात खुणा घालायची पद्धत) २०१२ पासून आहे आणि त्याची आयती साधनंही मिळतात. पण पात्राचं नाव ते ओळखतं कॅपिटल अक्षरांवरून. देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार? नावाआधी @ लावून सक्ती करता येते, पण मग प्रत्येक वाक्याला सक्तीच करायची. मार्कडाउन हे साध्या मजकुराचं मार्कअप आणि ते वाचणारं पॅनडॉक, ही दुसरी पळवाट, आणि ती खरंच चांगली आहे. पॅनडॉक फाईल वाचून तिचं झाड (कशाच्या पोटात काय, याची मांडणी) बनवून देतं, त्यावर ल्युआ भाषेत छोटा फिल्टर लिहायचा. जत्रा पुढच्या आठवड्यावर आली असेल तर हेच करा आणि बाकीचं वाचू नका. भाचीला मात्र पार्सर शिकायचाही आहे.

रेगेक्स: सुरुवात झकास, शेवट तालमीत

मी सुरुवात केली होती ती रेगेक्सनेच. कंसातला मजकूर ही रंगसूचना. म्हणून उघडा कंस, मधे काहीही, बंद कंस असा नमुना लिहिला. नक्कल छापून देवळाच्या सभामंडपात नेली. काकीचं काम करणाऱ्या बाई वही उघडून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वाक्यच नाही. नुसतं दार लावायचं?" वरच्या तिसऱ्या ओळीत काय झालं असेल बघा. 'मधे काहीही' हा नमुना हावरट असतो. तो पहिल्या उघड्या कंसापासून ओळीतल्या शेवटच्या बंद कंसापर्यंत सगळं गिळतो. काकीचं 'बरं.' रंगसूचनेच्या पोटात गेलं.

यावर उपाय आहे. नमुन्यात एक प्रश्नचिन्ह घातलं की तो हावरटपणा सोडतो आणि पहिल्याच बंद कंसावर थांबतो. पण मग वसंतची ओळ फुटते: आतला कंस बंद झाला की सूचना संपली असं समजून 'जातो)' हे वसंत तोंडाने म्हणणार. कंसात कंस, त्यात आणखी कंस, असं हवं तितकं खोल मोजणं शास्त्रशुद्ध रेगेक्सच्या कुवतीबाहेरचं आहे. काही इंजिनांत त्यासाठी जादा सोयी आहेत, पण त्या वापरून लिहिलेला नमुना चार महिन्यांनी स्वतःलाच वाचता येत नाही.

म्हणून रेगेक्स टाकून द्यायचा असं नाही. 'ही ओळ @ ने सुरू होते का' एवढं विचारायला त्याच्यासारखं काही नाही. मार्कडाउनचा जन्मही असाच झाला: जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये पर्लमध्ये लिहिलेली ती स्क्रिप्ट म्हणजे एकामागून एक रेगेक्स बदल. पुढे प्रत्येकाच्या मार्कडाउनचं उत्तर वेगळं यायला लागलं आणि २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाची काटेकोर व्याख्या करावी लागली. त्यात चांदणीने (*) किंवा अंडरस्कोरने जोर देण्याचे नियमच १७ आहेत. चांदणी साधी दिसते म्हणून फसू नका.

फ्लेक्स-बायसन आणि अँटलर: तोफ आणि माशी

या जोडीबद्दल फार बोलायचं नाही. लेक्स आणि याक ही १९७० च्या दशकातली बेल लॅब्जची देणगी, फ्लेक्स आणि बायसन हे त्यांचे मोकळे वारसदार: फ्लेक्स मजकुराचे शब्द पाडतो, बायसन त्यांची रचना ओळखणारा पार्सर बनवतो. कंपायलरच्या अभ्यासक्रमात हेच शिकवतात, म्हणून मुलं पहिला हात यांनाच घालतात. पण फ्लेक्स बाइट मोजतो, अक्षरं नाही. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. 'काकी' म्हणजे चार चिन्हं, बारा बाइट. 'क ते ह' असा अक्षरांचा संच त्यात सरळ लिहिता येत नाही. शिवाय बायसन 'शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट' (दोनपैकी कुठली वाट धरू?) म्हणून ओरडायला लागला की नवशिक्याचा शनिवार-रविवार गेलाच.

टेरेन्स पार यांचं अँटलर त्या मानाने माणसाळलेलं. चौथ्या आवृत्तीला युनिकोड नीट कळतं, झाड दाखवायची सोय सुरेख आहे, पायथनसाठी कोडही बनवून मिळतो. पण तो बनवणारं यंत्र जावावर चालतं, म्हणजे साठ पानांच्या नाटकासाठी जावा बसवा, व्याकरणाची (खुणांच्या नियमांची) फाईल ठेवा, आपोआप बनलेल्या फायली सांभाळा. उद्या हिशेबाची किंवा प्रश्न विचारायची छोटी भाषा करायची असेल तर अँटलर जरूर घ्यावं. इथं नको.

खरी अडचण याहून खोल आहे. ही साधनं प्रोग्रामिंग भाषांसाठी जन्मली. तिथं चुकीचा प्रोग्राम नाकारणं हेच काम. मार्कअपचं तसं नसतं. टाईप करणारा कंस बंद करायला विसरणारच, विशेषतः रात्री साडेअकराला. तेव्हा 'वाक्यरचना चुकली' म्हणून अख्खी संहिता परत फेकणारा पार्सर काय कामाचा? त्याने ती ओळ शक्य तितकी वाचावी, इशारा द्यावा आणि पुढे जावं.

लार्क की पेगी?

व्याकरण लिहूनच करायचं असेल तर माझ्या मते स्पर्धा या दोघांत आहे.

लार्क पायथनचं. व्याकरण एका स्ट्रिंगमध्ये लिहिता येतं, वेगळी पायरी नाही, झाड लगेच हातात. त्याच्या पोटात मुख्य इंजिनं दोन आहेत. काही सांगितलं नाही तर अर्ली चालतं, ते कसलंही वेडंवाकडं व्याकरण पचवतं पण मोठ्या फाईलवर रेंगाळतं. दुसरं एलएएलआर, वेगवान पण शिस्तीचं. न मिटलेल्या कंसावर दोन्ही अडतात. अर्लीत 'सुटा कंस म्हणजे साधा मजकूर' असा जादा नियम घालता येतो, पण मग प्रत्येक चांगल्या कंसाचेही दोन अर्थ निघतात आणि कुठला धरायचा ते प्राधान्य लावून सांगत बसावं लागतं.

पेगी जावास्क्रिप्टचं, जुन्या पेग-जेएसचं पुढचं रूप. त्याच्या मागची पीईजी पद्धत ब्रायन फोर्ड यांनी २००४ मध्ये मांडली. पायथन स्वतःही ३.९ पासून त्याच पद्धतीच्या पार्सरवर आहे. यात पर्याय क्रमाने तपासतात, पहिला जुळला तो घेतला, वाद संपला. न मिटलेला कंस इथं एका ओळीत सुटतो: आधी 'पूर्ण कंस' बघ, नाही जमलं तर 'नुसतं कंसाचं चिन्ह' हा मजकूर समज. पण क्रमाची किंमतही मोजावी लागते. एका चांदणीचा पर्याय दोन चांदण्यांच्या आधी लिहिला की दोन चांदण्यांची पाळी कधी येतच नाही, आणि पेगी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याचं ब्राउझरमधलं पान मात्र शिकायला अप्रतिम आहे: डावीकडे व्याकरण बदला, उजवीकडे झाड लगेच बदलतं.

नकला मोबाईलवर, ब्राउझरमध्ये दाखवायच्या असतील तर पेगी. फाईल वाचून पीडीएफ काढायची आणि मुलीला पायथनच येत असेल तर लार्क. याहून मोठा फरक मला त्यांत दिसला नाही.

हाताने लिहिलेला

मी शेवटी इथं आलो आणि भाचीलाही इथूनच सुरुवात कर म्हणालो.

दोन टप्पे करायचे. पहिल्या टप्प्यात फक्त ओळी: एकेक ओळ घे, पहिलं चिन्ह बघ. # असेल तर अंक किंवा प्रवेश, @ असेल तर नवं पात्र, ! आणि ~ आपापल्या यादीत; यातलं काहीच नसेल तर ओळ चालू पात्राच्या वाक्याला जोड. चालू पात्र कोण, हे एका व्हेरिएबलमध्ये. दुसऱ्या टप्प्यात वाक्याच्या आतलं: अक्षरामागून अक्षर चालायचं, कंस उघडला की त्याच फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची, बंद झाला की परत यायचं. कंस कितीही खोल असो, फंक्शन तितकं खोल उतरतं. वाक्य संपलं आणि कंस उघडाच असेल तर तिथंच मिटवून ओळीच्या क्रमांकासह इशारा छापायचा. याला 'रिकर्सिव्ह डिसेंट' म्हणतात; नाव मोठं, माझा अख्खा पार्सर सव्वाशे ओळींचा झाला.

आधी ठोकळे, मग आतला मजकूर, ही दोन टप्प्यांची वाट कॉमनमार्कनेही सुचवलीय. आणि हाताने लिहिणं म्हणजे गावठी काम असं कुणी म्हटलं तर सांगावं, जीसीसी या नामांकित कंपायलरने आपला सी प्लस प्लसचा बायसनवाला पार्सर २००४ मध्ये काढून हाताने लिहिलेला बसवला, दोन वर्षांनी सीचाही.

तोटाही आहे. भाषेचे नियम कोडमध्ये विखुरतात. वर्षभराने दुसऱ्या कुणाला 'या खुणेचा अर्थ काय' हे सांगायला व्याकरणाची एक फाईल दाखवता येत नाही. शिवाय कॉलेजच्या प्रोजेक्ट अहवालात 'व्याकरण' असं प्रकरण लागतंच. त्यावर तोडगा भाचीनेच काढला: पहिला टप्पा हाताने, आणि वाक्याच्या आतल्या तुकड्यापुरतं लार्क. एकेक वाक्यच द्यायचं असल्याने अर्लीचा रेंगाळपणा जाणवत नाही, आणि एका वाक्याने दगा दिला तरी बाकीचं नाटक वाचतं. मला सुचलं नव्हतं.

कुठलंही घेतलं तरी देवनागरी आडवी येणारच

हे कुठल्याच इंग्रजी धड्यात नसतं, म्हणून जरा थांबून.

पायथनच्या नेहमीच्या रेगेक्सला 'शब्द' म्हणजे बॅकस्लॅश डब्ल्यू द्या आणि 'नाटक' शोधायला सांगा. हातात येतं 'न' आणि 'टक'. काना हे त्याच्या लेखी अक्षरच नाही. जावास्क्रिप्टमध्ये तर देवनागरीतलं काहीच येत नाही. लार्कच्या आयत्या नियमांतला 'वर्ड' फक्त ए ते झेड ओळखतो. पायथनसाठी 'रेगेक्स' नावाचं वेगळं पॅकेज आहे, लार्कलाही ते वापर असं सांगता येतं. नाहीतर देवनागरीचा युनिकोड पट्टाच संच म्हणून द्या. पण त्या पट्ट्यात दंडही बसलेला आहे, म्हणजे पदाच्या ओळीशेवटचा '।' शब्दाला चिकटून येतो.

मग 'शेतकऱ्याची बायको' हे पात्र. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाईप होतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर सारखंच दिसतं, संगणकाला दोन बायका दिसतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समान चिन्हक्रमांना एकच रूप देण्याची सोय) हे दोन एक करत नाही. फाईल वाचताना आपणच एक रूप ठरवून बदलून घ्यायचं.

आणि 'दु:ख'. खरं तर तिथं विसर्ग हवा, पण निम्मं जग कोलन टाईप करतं. उलट @काकी नंतर कोलनऐवजी विसर्गही पडतो. भाचीने @ ची सक्ती ठेवली म्हणून ती बचावली. माझ्या पहिल्या भाषेत @ नव्हता, पहिला कोलन दिसला की त्याआधीचं ते पात्र. त्या नाटकात 'दु' नावाचं एक पात्र होतं, त्याला चार वाक्यं होती आणि त्याची नक्कलही छापून झाली होती. यावर व्याकरणाचं कुठलंच साधन उपयोगी पडत नाही. फाईलच्या सुरुवातीला पात्रांची यादी ठेवायची आणि प्रत्येक नाव तिच्याशी ताडून बघायचं. हाताने लिहिलेल्यात त्याला तीन ओळी लागतात.

तिला सांगितलंय, कोड लिहायच्या आधी एक वाईट फाईल तयार कर. दोन कंस, कंसात कंस, न मिटलेला कंस, एकटी चांदणी, विसर्गवाली काकी, दोन्ही तऱ्हांचा 'ऱ्या', संवादात साडेसात म्हणून लिहिलेलं ७:३०, रिकामी ओळ. रोज आधी ती चालव, मग नाटक.