गंजगोलाईतलं काष्ठौषधीचं दुकान: बीपीवाल्यांनी काय घ्यावं, काय सोडावं

मी औशाच्या शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर बोलून घसा बसतो, म्हणून लातूरला गेलं की गंजगोलाईतल्या या दुकानातून ज्येष्ठमध आणायची. गेल्या हिवाळ्यात बीपीची गोळी सुरू झाली. त्यानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मालकांनी कांड्या तराजूत टाकता टाकता विचारलं, "ताई, बीपी-शुगर काही हाय का घरात?" म्हटलं, मलाच बीपी निघालंय. त्यांनी तराजूतल्या कांड्या उचलल्या आणि परत बरणीत टाकल्या. "मग हे न्हेऊ नका. यानं बीपी चढतं. घशाला बेहड्याच्या फळाची साल देतो, ती तोंडात धरा."

तराजूत पडलेला माल परत ठेवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. ज्येष्ठमधात ग्लिसिऱ्हायझिन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळं शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि दाब वाढतो. औशातल्या माझ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. खोकल्याच्या तयार काढ्यात, चहाच्या मसाल्यात, मुखवासातही ज्येष्ठमध असतं, तेव्हा बीपी असेल तर पुडीवरची घटकांची यादी वाचून घ्या. "झाडपाल्याचं आहे, अपाय कशाला होईल" असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. ते ऐकलं की मला काळजी वाटते.

गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळं नवख्या माणसानं मधल्या जगदंबा देवीच्या मंदिराची खूण धरूनच फिरावं. दुकान अरुंद आहे. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत पत्र्याचे डबे, खाली गोणपाटात हिरडा, बेहडा, आवळकाठी, नागरमोथा. आत शिरताच वेखंडाचा वास नाकात जातो. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागतं.

बीपीवाले इथं सगळ्यात जास्त मागतात ती अर्जुनाची साल. मला या दुकानाचं कौतुक आहे ते यासाठी, की इथं साल अख्खी मिळते, चूर्ण करूनच घ्या असा आग्रह नाही. अख्खी साल ओळखता येते. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, राखाडी-पांढरट असते आणि आतून तांबूस. चावली की जीभ तुरटपणानं आखडते. ऐनाची साल याच्याच कुळातली, पण ती बाहेरून काळपट आणि चौकोनी भेगांची. दोन्हींचं चूर्ण एकत्र केलं तर तुम्ही-आम्ही काय ओळखणार! मालकांनी दोन्ही तुकडे माझ्या हातावर ठेवून फरक दाखवला. मी पुढं तेच तुकडे वर्गात नेऊन पोरांना दाखवले.

क्षीरपाकाचं, म्हणजे दुधात उकळलेल्या अर्जुनाच्या सालीचं, प्रमाणही त्यांनी तोंडपाठ सांगितलं: एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. मी तो अधूनमधून घेते, डॉक्टरांना सांगून. माझं बीपी १५० च्या पुढं होतं, आता १३० च्या आसपास असतं. पण याचं श्रेय मी सालीला देणार नाही. गोळी रोज चालू आहे, सकाळचं चालणं आहे, लोणचं-पापड ताटातून गेलेत. सालीनं किती झालं हे वेगळं काढून दाखवता येणार नाही, आणि दुकानदारही तसा दावा करत नाहीत.

माझ्यासमोर एक काका आले होते, सर्पगंधाचं चूर्ण मागत. मालकांनी आधी विचारलं, "गोळी कोणती घ्यायलाव?" काका म्हणाले, गोळी बंद करून हेच सुरू करायचंय. मालकांनी साफ नाही म्हटलं. "वैद्याची चिठ्ठी आणा, मग देतो. आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नका." काका चिडून गेले. पण सर्पगंधा हे खरंच जोरकस औषध आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरचा तिचा परिणाम ब्रिटनच्या हृदयरोगावरच्या नियतकालिकात मांडला, आणि १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते जगभर वापरलं गेलं. त्यानं मन खचतं, नाडी मंदावते, नाक चोंदतं, हेही पुढं दिसलं. अशी मुळी गोळीच्या जोडीला अंदाजानं घेतली तर दाब एकदम खाली जाऊ शकतो. ज्यांना आयुर्वेदानंच उपचार हवेत, त्यांनी नांदेड किंवा धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन नीट तपासून घ्यावं.

लसणाबद्दलही विचारणारे असतात. त्यानं थोडा फरक पडतो, पण आपण तो खातो कसा? ठेच्यात, शेंगदाण्याच्या चटणीत, बचकभर मिठासोबत. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे घरभर नव्हे तर एका माणसाला जेमतेम एक लहान चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कच्चा लसूण मूठमूठ खाण्याआधी डॉक्टरांना विचारा, रक्तस्राव वाढतो.

आता तक्रारी. सैंधवाच्या डब्यावर "बीपीसाठी" अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. सैंधव हेही मीठच, बहुतांश सोडियम क्लोराइडच. इतक्या जाणत्या दुकानात ही चिठ्ठी बघून वाईट वाटतं. गल्ल्यापाशी कुठल्याशा कंपनीची पुडकी टांगलेली असतात, "रक्तदाब मुळापासून बरा". औषधं आणि जादूटोण्याचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलच्या १९५४ च्या कायद्यानं रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करायला बंदी आहे. मी मालकांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतलं, पण चिठ्ठी अजून तिथंच आहे. सुट्ट्या चूर्णांवर तारीख नसते, आणि दळायचं यंत्र सगळ्याला एकच, म्हणून मी साल घरीच कुटते.

भाव वाजवी आहेत, पाव किलो साल शंभराच्या आत बसते. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, तेवढं मागून घ्या. त्यावर प्रत्येक वनस्पतीचं नाव स्वच्छ अक्षरात लिहून देतात. मी ते बिल बीपीच्या फाइलला लावते, म्हणजे पुढच्या तपासणीला डॉक्टरांना काय-काय चालू आहे ते लगेच दिसतं.